मुक्ताबाईचा हादगा

खारघरच्या सिद्धिकला सोसायटीत हादगा आणला तो मुक्ताबाईनं, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे.

मूळची ती माण तालुक्यातली. लग्न होऊन आली ती कोपरखैरण्याच्या माथाडी वस्तीत. नवरा जोतीराम वाशीच्या बाजारात गोणी वाहायचा. पुढं मुलगा यशराज शिकला, तळोज्याच्या कारखान्यात लागला, खारघरला पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आईबापांना घेऊन आला. कोपरखैरण्यात दारं उघडी असायची. कुणाच्या घरी काय शिजतंय ते चार घरांना ठाऊक असायचं. इथं सगळी दारं बंद. लिफ्टमध्ये शेजारची माणसं भेटायची, पण ती मजल्याच्या आकड्यांकडं बघत उभी राहायची. पहिले सहा महिने मुक्ताबाईला वाटायचं, आपण दवाखान्यात राहायला आलोय.

मग सप्टेंबर सरत आला. पाऊस ओसरला, डोंगरावरचे धबधबे बारीक झाले, आभाळ धुतल्यासारखं निळं झालं. सूर्य हस्तात गेला आणि तिला राहवलं नाही. खाली पार्किंगमध्ये एका मोकळ्या जागेत तिनं पाट मांडला, त्यावर खडूनं हत्ती काढला, दोन वर्षांच्या नातीला, ज्ञानेश्वरीला, काखेत घेतलं आणि एकटीच गाणं म्हणत पाटाभोवती फिरू लागली. वॉचमनला वाटलं आजींना काही तरी झालं. पण सायकल खेळणाऱ्या सहा मुली थांबल्या, बघत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचा हात धरून फेर धरला.

त्याला नऊ वर्षं झाली. आता पन्नासेक मुली यायच्या, त्यांच्या आया यायच्या. पंजाबी, मल्याळी, बिहारी, सगळ्यांच्या तोंडी माणची गाणी बसली होती. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. क्रम ठरलेला, चाल ठरलेली. एक शब्द कुणी इकडचा तिकडं केला तर मुक्ताबाई फेर थांबवायची. गाणी झाली की खिरापत. झाकलेला डबा वाजवून दाखवायचा आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. बाकीच्या बायकांच्या खिरापती चिवडा, बर्फी, ढोकळा अशा चुटकीसरशी ओळखल्या जायच्या. शेवटच्या दिवशीची मुक्ताबाईची मात्र दरवर्षी निराळी असायची आणि नऊ वर्षांत ती कुणाला ओळखता आली नव्हती. नवरात्रात त्याच आवारात गरब्याचा डीजे वाजायचा, त्याला दुप्पट गर्दी व्हायची. पण गरब्याचासुद्धा तिला कधी हेवा वाटला नाही. गरबा सगळ्यांचा होता. हादगा तिचा होता.

दहाव्या वर्षी पुतळाबाय आली.

चौथ्या मजल्यावर विपुल आणि सोनल नावाचं जोडपं राहायला आलं होतं, त्यातल्या विपुलची ती आई. उलव्याकडची आगरी. गावाची जमीन विमानतळात गेली, गाव उठलं, आणि म्हातारी काही वर्षं इकडंतिकडं काढून मुलाकडं आली. काळीसावळी, उंच, गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं लुगडं, आणि बोलायला लागली की तळमजल्यावरून पाचव्या मजल्यावर ऐकू जाईल असा आवाज.

पहिल्या दिवशी ती खांबाला टेकून बघत उभी होती. गाणं संपलं, खिरापत वाटून झाली. मुक्ताबाईनंच मोठ्या मनानं हाक मारली, “या की हो फेरात. शिकवीन मी तुमाला.”

“मना नाय येत तुमची गानी,” पुतळाबाय म्हणाली. “मी आपली लग्नानची बाई. धवलारीन हाय मी.”

“म्हणजे काय?” मुलींनी विचारलं.

सोनलनं सांगितलं, “आमच्याकडं लग्नात धवले म्हणतात. हळद, मांडव, सगळ्याची गाणी असतात. ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजीइतकाच मान असतो तिला. आई चाळीस वर्षं गातायत. जागच्या जागी गाणं रचतात.”

“रचून दाखवा ना!” ज्ञानेश्वरी म्हणाली.

पुतळाबायनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. अंगात पिवळाजर्द झगा. “नाव काय गो तुजा?”

“ज्ञानेश्वरी. ज्ञानू.”

म्हातारीनं डोळे मिटले, एक हात कानाशी नेला आणि सूर लावला:

“खारघरच्या डोंगराव ढग गो बसला,
ज्ञानूबायचा झगा बघून हसला!”

मुली किंचाळल्याच. “माझं! आता माझं!” तिसरीतली क्रांती घाईत एकाच पायात चप्पल घालून खाली आली होती. तिच्यावर लगेच आलं:

“क्रांतीबाय आली गो लिफ्टनं खालती,
चप्पल तिजी एक राह्यली वरती!”

मग कुणी थांबायलाच तयार होईना. एकेका मुलीचं नाव, एकेका मुलीची खोडी. पंचवीस-तीस गाणी झाली. फेर पाटाभोवतीचा सुटला आणि कधी त्या म्हातारीभोवती झाला ते कुणाला कळलंही नाही. मधे मोकळा राहिलेला पाट एका मुलीच्या पायाला लागला आणि हत्तीची सोंड पुसली गेली. मुक्ताबाईनं खाली बसून खडूनं ती पुन्हा काढली. काढताना तिनं खडू इतका दाबला की तो मोडला, आणि का ते तिला त्या वेळी नीट समजलं नाही.

घरी आल्यावर समजलं. सून उज्वला मोबाईल घेऊन आली. “आई, बघा, सोसायटीच्या ग्रुपवर पुतळा आजींचा व्हिडिओ. किती जणांनी अंगठे दिलेत!”

“बघते नंतर,” मुक्ताबाई म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. नऊ वर्षांत तिच्या हादग्याचा एकही व्हिडिओ कुणी टाकला नव्हता. फोटो टाकले होते, त्यात ती कडेला असायची.

त्या दिवसापासून तिच्या पोटात काही तरी जळायला लागलं. खाली उतरल्याबरोबर मुली विचारायच्या, “पुतळा आजी कुठायत?” तिची ठरलेली गाणी त्या घाईघाईनं उरकायच्या, औषध घेतल्यासारखी, आणि मग चौथ्या मजल्याच्या म्हातारीकडं पळायच्या. मुक्ताबाई मोजायला लागली. आपल्या उजव्या-डाव्या हाताला कोण उभं राहतं, तिच्या हाताला कोण. पूर्वी तिचा हात धरायला भांडणं व्हायची. चौथ्या दिवशी तिच्या डाव्या हाताशी उज्वला उभी होती, तीही सासूला वाईट वाटू नये म्हणून.

पाचव्या दिवशी पुतळाबाय भाचीकडं उलव्याला जाणार असं कळलं, आणि मुक्ताबाईला इतका आनंद झाला की तिनं मुलींना द्यायला शेंगदाण्याचे लाडू वळले. पण पुतळाबाय सहाच्या ठोक्याला परत हजर. “पोरी वाट बघतील म्हनून आयलू,” ती घामेजल्या तोंडानं हसत म्हणाली. दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईनं वेळ बदलून पाच केली आणि चौथ्या मजल्यावर तेवढं कळवलं नाही. मुलींनीच धावत जाऊन तिला बोलावून आणलं.

वाईट याचं वाटायचं की त्या बाईत नाव ठेवायला जागा नव्हती. ती आल्याआल्या मुक्ताबाईच्या पाटाला हात लावून नमस्कार करायची. “मुक्ताबाय, तुमची गानी लय जुनी, लय गोड,” असं मनापासून म्हणायची. रात्री अंथरुणावर पडल्यावर मुक्ताबाई तिचा एखादा दोष शोधत बसायची आणि दोष सापडला नाही म्हणून आणखी चिडायची.

सातव्या दिवशी ज्ञानेश्वरी शाळेतून आली ती दप्तर टाकून सरळ वर गेली. तासाभरानं आली तेव्हा तोंडात तांदळाचं काही तरी गोड होतं आणि ओठांवर नवं गाणं.

“कुठं हुतीस?”

“पुतळा आजीकडं. आजी, त्या मला रचायला शिकवतायत! म्हणतात, माझा कान चांगलाय.”

“मी शिकवलेली सोळा आली का पाठ?”

“ती काय, येतातच की,” पोरगी सहज म्हणाली.

हा घाव सगळ्यांत खोल गेला.

नववा दिवस. नऊ गाणी होती. सहावं संपत होतं तोच पलीकडून दोन-तीन मुलींनी पुतळाबायला ओढायला सुरुवात केली, “आता तुमचं! आता तुमचं!” पुतळाबाय म्हणत होती, “थांबा गो, मुक्ताबायचा होऊ द्या,” पण मुलींनी तिला पाटाजवळ आणलंच. दोन्ही हात दोन मुलींच्या हातात. त्यांतली एक ज्ञानेश्वरी.

मुक्ताबाई थांबली. तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता, म्हणून तो सगळ्यांना ऐकू गेला.

“बास. हादगा हा कुमारिकांचा आन् सवाष्णींचा खेळ हाय. आमच्यात नवरा गेलेली बाई फेरात उभी ऱ्हात न्हाई.”

सोनलचं तोंड उतरलं. पुतळाबायनं आधी काही कळलं नाही असं बघितलं, मग कळलं. तिनं ज्ञानेश्वरीचा हात सोडला, मग दुसऱ्या मुलीचा, अगदी हळू, झोपलेल्या पोराखालून हात काढावा तसा.

“बरा झाला सांगितलास,” ती म्हणाली. “मना ठाव नव्हता. आमचे गावान माजा मालक गेला, त्याचे दुसरे म्हैन्यान लोकां मना हलदीचे गान्याला घेऊन गेली. धवलारीन ती धवलारीन.” एवढं बोलून ती जिन्यानं वर निघून गेली. लिफ्ट समोर उघडी होती, पण ती जिन्यानं गेली.

सोसायटीच्या सेक्रेटरी प्राची तिथंच होत्या. “काकू, हे बरं नाही केलंत,” त्या म्हणाल्या आणि आपल्या मुलीला घेऊन गेल्या. मुक्ताबाईनं उरलेली तीन गाणी म्हटली. सोबत उज्वला आणि सात-आठ मुली होत्या. एकही शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

दहाव्या दिवशी बारा मुली आल्या, अकराव्या दिवशी नऊ. तिला वाटलं होतं, ती बाई गेली की पोटातली आग विझेल. पण आता ती समोर नव्हती तर सगळीकडं होती. संध्याकाळी चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून मुलींचा कालवा ऐकू यायचा, मधेच तो मोठा आवाज, मग हसणं. मुक्ताबाई खाली पाटाशेजारी उभी राहून वर बघायची. हादगा तिचा तिला परत मिळाला होता आणि त्यात कुणी नव्हतं.

ज्ञानेश्वरी आजीशी बोलत नव्हती. बाराव्या दिवशी सकाळी ती समोर येऊन बसली.

“आजी, एक विचारू? तुला ही गाणी कुणी शिकवली?”

“माझ्या आईनं.”

“फेरात?”

मुक्ताबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात ताटातच राहिला. ती सात वर्षांची असताना वडील गेले. त्यानंतर वाड्यावस्तीवर हादगा लागला की आई उंबऱ्याच्या आत उभी राहायची. पोरी अंगणात चुकल्या की तिचे ओठ आतून हलायचे. सगळी सोळा गाणी तिनं लेकीला चुलीपुढं शिकवली, भाकरी थापताना, कारण अंगणात येऊन शिकवायची सोय नव्हती.

“न्हाई,” मुक्ताबाई म्हणाली. “चुलीपुढं.”

“का?”

मुक्ताबाईनं ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. नातीनं पुन्हा विचारलं नाही, तिला बहुतेक कळलं होतं. आईला ज्यांनी उंबऱ्याआड ठेवलं त्या बायकांचे चेहरे मुक्ताबाईला अजून आठवत होते. त्यांतल्या कुणाच्या मनात काय जळत होतं देव जाणे. तिच्या मनात काय जळत होतं ते मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. रीत, सवाष्ण, कुमारिका, ही सगळी तोंडची बोलणी. तिला त्या बाईचा हेवा वाटला होता, बस.

तरी वर जायला तिला चार दिवस लागले. रोज ठरवायची, रोज काही तरी निघायचं. सोळाव्या दिवशी सकाळी ती शेवटच्या खिरापतीला लागली. पण त्यात मन रमेना. दुपार व्हायच्या आत दोनदा दारापर्यंत जाऊन आली. जोतीराम पेपर वाचत होता. त्यानं चष्म्यावरून बघितलं.

“जा की वर. लिफ्ट चालू हाय.”

“मी कुठं जातेय?”

“मग कशाला चपला घालतीस सारखी?”

ती गेली. दार पुतळाबायनंच उघडलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

“मी त्या दिवशी बोलले ते रीत म्हणून न्हाई बोलले,” मुक्ताबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. “पोरी तुझ्याकडं जात हुत्या, ते मला बघवंना. माझी आई बी... जाऊ दे. माझं चुकलं. आज शेवटचा दिस हाय. खाली ये.”

पुतळाबायनं दार धरूनच उत्तर दिलं.

“मुक्ताबाय, गाव गेला तवा मी रडलू नाय. देऊल हलवला तवा पन नाय. त्या दिशी घरान येऊन रडलू. का म्हाईत हाय? तुमचे फेरान मना पहिल्यांदा वाटला का हिकडं कोन तरी हाय आपला.” ती दारातून थोडी बाजूला झाली. “येन मी. पन पोरींसाठी येन. तुज्यासाठी नाय.”

“चालंल,” मुक्ताबाई म्हणाली. आत मात्र ती गेली नाही, कारण तिला आत बोलावलं नव्हतं.

संध्याकाळी सहाला पुतळाबाय खाली उतरली तेव्हा तिच्यामागून चाळीसभर मुली उतरल्या. ते बघून मुक्ताबाईच्या छातीत तीच जुनी कळ उठली. माफी मागितली म्हणून ती काही गेली नव्हती. तिनं ती गिळली आणि आपला हात पुढं केला. पुतळाबायनं क्षणभर विचार केला आणि तो धरला.

सोळा गाणी झाली, ओळीनं, मुक्ताबाईच्या चालीवर. पुतळाबाय प्रत्येक गाण्याला मागून सूर देत होती, आणि जुनी गाणी इतकी भरून कधी वाजली नव्हती हे मुक्ताबाईला नाइलाजानं कबूल करावं लागलं. मग मुलींनी ओरडा केला. पुतळाबायनं कानाशी हात नेला आणि सरळ मुक्ताबाईच्या तोंडाकडं बघून सोडलं:

“मुक्ताबायचा हत्ती गो पाटाव डोलं,
तिला इचारल्याबिगर शेपटी न हालं!”

अख्खं आवार हसलं. प्राची हसल्या, उज्वला पदर तोंडाला लावून हसली, लांब खुर्चीवर बसलेला जोतीराम सगळ्यांत मोठ्यानं हसला. मुक्ताबाईचे कान तापले. पण हे देणं होतं आपलं, असं म्हणून तीही हसली, थोडी उशिरा.

खिरापती सुरू झाल्या. शेवटी मुक्ताबाईचा डबा. तिनं तो कानाशी धरून हलवला. आत धपधप असा मऊ आवाज. “बेसन!” “रवा!” “खजूर!” “पेढे!” मुली ओरडत होत्या, ती प्रत्येकीला मान हलवत होती, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटत होतं. मुली थकल्या. मग कुणी तरी म्हणालं, “पुतळा आजी, तुम्ही सांगा!”

पुतळाबाय जवळ आली. डब्याकडं तिनं बघितलंही नाही. मुक्ताबाईच्या कानाशी वाकून तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली, “जोंधल्याच्या लाह्या. पीठ करून गुलान वललास. सकाली दारान आलीस तवा पदराला लाह्यांचा वास होता.” मग सरळ उभी राहून दोन्ही हात वर केले आणि आवारभर ऐकू जाईल असं ओरडली, “नाय गो बाय! हरलू आमी!”

टाळ्या पडल्या. “दहा वर्षं! दहा वर्षं कुणाला ओळखता आली नाही!” प्राची म्हणाल्या. क्रांती उड्या मारायला लागली.

मुक्ताबाई डबा धरून उभी राहिली. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. दहा वर्षांचं नाव राहिलं असतं. पण समोर ती बाई हात वर करून हसत उभी होती, दान घातल्यावर माणूस मोकळं होतं तशी, आणि मुक्ताबाईला ते सहन होईना. हरणं परवडलं असतं. तिनं दिलेलं जिंकणं आयुष्यभर गिळता आलं नसतं.

“थांबा!” ती ओरडली. “वळखली! हिनं वळखली. जोंधळ्याच्या लाह्यांचे लाडू. माझ्या कानात सांगितलं आन् तुमच्यापुढं खोटं बोलली!”

मुली पुतळाबायवर तुटून पडल्या. पुतळाबाय मात्र मुक्ताबाईकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू आता निराळं होतं. “लय वाईट हायस गो तू,” ती म्हणाली. “सुखानं देऊ पन देत नाय.”

“न्हाई देत,” मुक्ताबाई म्हणाली आणि पहिला लाडू तिच्या हातावर ठेवला.

पुतळाबायनं अर्धा लाडू तोंडात टाकला, चावला, विचार केला. “गुल कमी झाला,” ती म्हणाली.

“आमच्यात एवढाच घालत्यात,” मुक्ताबाई म्हणाली. पण घरी गेल्यावर तिनं स्वतः एक लाडू खाऊन बघितला, आणि मग जोतीरामला एक दिला आणि उगाच चिडून विचारलं, “खरं सांगा, गूळ कमी हाय का?”